निवृत्त झाले, गल्लीतल्या विहिरीच्या कामाला जाऊ का?

अनगोळच्या बाई
नमस्कार. यंदा शाळेतून निवृत्त झाले. गल्लीतल्या पोरांनी जुन्या विहिरीतला गाळ उपसायचं मनावर घेतलंय आणि "बाई, तुम्ही पण या की" म्हणून बोलावणं आलंय. घमेली उचलणं गुडघ्यांना झेपणार नाही, आणि नुसतं काठावर उभं राहायला मन घेत नाही. मी काय करू शकेन? असं काम केलेल्यांनी सांगा, तुम्हाला त्यातून काय मिळालं?

निपाणीकर
जरूर जा. मी रक्तदान शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, मागचं रक्तदान कधी केलं, हे विचारून पुढं पाठवायचं. बसूनच काम, पण ते कुणी केलं नाही तर सगळा खोळंबा होतो.

वडगावचा मागवाला
बाई, २०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही हेच केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुष्काळाचं वर्ष, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, आणि गल्लीतली विहीर निर्माल्यानं, प्लास्टिकनं भरलेली. मी यंत्रमाग चालवतो. दिवसभर त्या खडखडाटात असल्यामुळे शेजाऱ्यांशी धड बोलणंही होत नसे. कोपऱ्यावरच्या कन्नड अज्जींना येता-जाता नमस्कार, इतकंच.

सुरुवातीला हाताला फक्त घाण लागली. देवांचे फुटके फोटो, नारळ, चपला, एक अख्खी सायकल. मग गाळ गुडघ्याएवढा उरला आणि एका दुपारी जांभ्याच्या फटीतून करंगळीएवढी धार सुटली. आधी तांबूस गढूळ, संध्याकाळपर्यंत निवळली. खालचा पोरगा ओरडला, "पाणी आलं की ओ!" अज्जी ताक घेऊन आल्या होत्या. कळशी तिथंच ठेवून "नीरु बंतु, नीरु बंतु" करत घरोघर सांगत सुटल्या. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

मिळालं काय म्हणाल, तर माणसं. पुढं एकदा रात्री वडिलांना झटका आला, तेव्हा मी हाक मारायच्या आत शेजारपाजारचे दारात उभे होते. रिक्षा अज्जींच्या नातवानं काढली. सेवा निरपेक्ष असावी हे मला मान्यच आहे, पण माणसं जोडली जातात हे लपवायचं कशाला?

आणि आपल्या बेळगावला ही सवय जुनी आहे. गांधीजी अध्यक्ष होते ते काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ साली इथंच, टिळकवाडीत भरलं. त्याच्या पाण्यासाठी खोदलेली काँग्रेस विहीर आजही आहे. त्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल काढणाऱ्या डॉ. हर्डीकरांचे स्वयंसेवक राबले होते.

तुमच्यासाठी काम सांगतो. आमचं घोडं मध्येच अडलं ते हिशेबापायी. वर्गणी कुणी किती दिली, पंपाचं भाडं, ट्रॅक्टरच्या खेपा, कशाचीच नोंद नव्हती. कुरबुर सुरू झाली, लोक यायचे थांबले. शेवटी एका निवृत्त पोस्टमास्तरांनी वही हातात घेतली आणि रोजचा जमाखर्च देवळाच्या फळ्यावर मराठी-कन्नड दोन्हीत लिहू लागले. गेलेले लोक परत आले. बाईंचा शब्द गल्ली मानते, तेव्हा वही तुम्हीच धरा.

खानापूरची माहेरवाशीण
एक गोष्ट कृपा करून पोरांना बजावून सांगा. डिझेल पंप विहिरीत उतरवायचा नाही. त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस कळायच्या आत कोसळतो. विजेचा पंप चालू असताना कुणी पाण्यात उतरायचं नाही. कंदील सोडून हवा बघतात, पण तो विझला नाही म्हणजे हवा चांगलीच, असं नाही. उतरणाऱ्याच्या कंबरेला दोर आणि वर धरायला माणसं हवीतच. कुणी पडलंच तर दुसऱ्यानं तसंच खाली उतरायचं नाही, आधी ११२ ला फोन.

अनगोळच्या बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. वही आणली. रविवारी बैठक आहे, तिथं पंपाचं आणि दोराचंच पहिलं काढते. वडगावकर दादा, पाणी प्यायला लगेच घेतलंत का?

वडगावचा मागवाला
नाही बाई. ब्लीचिंग पावडर टाकली, पाणी पुन्हा उपसलं, नमुना तपासायला दिला. अहवाल येईपर्यंत धुण्याभांड्यालाच वापरलं. आणि जाळीचे पैसे वर्गणीतच धरा, नाहीतर गणपतीत परत निर्माल्य पडायला लागेल.