ऑफिसचा संगणक : विंडोज दहावरून अकरावर जायचं का?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुठलाही विषय निघाला की निर्णय होईपर्यंत मूळ प्रश्न काय होता हेच कुणाला आठवत नाही. म्हणून या वेळी मेसेज जपून ठेवले. सुप्रभातवाले आणि 'लिफ्ट बंद आहे का' वाले गाळलेत. नावांऐवजी फ्लॅट नंबर घातलेत. ३०२ म्हणजे मी.

शनिवार

सचिव : नमस्कार. ऑफिसचा कॉम्प्युटर लावला की आख्ख्या स्क्रीनवर सूचना येते, विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून. कमिटीत दोघांचं म्हणणं, नवीनच मशीन घेऊ. बाकीच्यांनी मत द्यावं.

नाना १०१ : चालतोय ना? मग चालू द्या.

४०४ : (फॉरवर्ड केलेला मेसेज) सावधान!! विंडोज १० कायमचं बंद!! तुमचा संगणक कोणत्याही दिवशी सुरू होणार नाही!! आजच डेटा काढून घ्या व दहा जणांना कळवा

३०२ : दादा, हे खोटं आहे, कृपया पुढे पाठवू नका. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण मशीन बंद वगैरे काही पडत नाही. नवीन त्रुटी सापडली तर तिची दुरुस्ती आपल्याला फुकटात आपोआप येणार नाही, एवढंच. कुलूप तेच आहे, पण त्याची डुप्लिकेट चावी कुणी बनवली तर आता कुलूपवाला बदलून देणार नाही.

४०४ : मला आलं तसं पाठवलं 🙏

नाना १०१ : विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला. मी पुढे तीन वर्षं वापरला. काडीचं काही झालं नाही.

५०१ : नाना, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं होतं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागायचं. एक्सपीवाल्यांचीच वाट लागली होती तेव्हा.

३०२ : अर्धं बरोबर. त्या वेळी लागण झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते आणि ७ ला तेव्हा सपोर्ट होता. त्या त्रुटीची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, दोन महिने आधी. लोकांनी ती घेतलीच नव्हती. एक्सपीचा सपोर्ट संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने त्याच्यासाठी खास दुरुस्ती काढली होती. म्हणजे अपडेट येतात का, हा एक प्रश्न. आलेले आपण घेतो का, हा दुसरा.

खजिनदार ताई : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. नाही घेत. बिलं काढायला बसलं की नेमका रीस्टार्ट मागतो, मी 'नंतर' दाबते. कबूल.

नाना १०१ : प्रामाणिकपणाबद्दल अभिनंदन

३०२ : ताई, त्या मशीनवर नक्की काय काय चालतं?

खजिनदार ताई : हिशेब, मेंटेनन्सची बिलं, बँकेचं काम, सोसायटीचा मेल, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बघणं, स्कॅनर.

नाना १०१ : हिशेबाला नेट कशाला लागतं? वायर काढून ठेवा, झालं सुरक्षित.

(हे सगळ्यांनी हसण्यावारी नेलं, पण नुसता हिशेबच असता तर नानांचा उपाय उत्तम होता.)

३०२ : नाना, पण बँक आणि मेल त्याच मशीनवर आहेत. मेलमधली कुणाचीही पीडीएफ त्याच मशीनवर उघडते आणि तिथेच बँकेचा पासवर्डही टाकला जातो. त्यामुळे अपडेट मिळणारं काहीतरी हवंच. नवीन मशीन हवं का, ते वेगळं बघू. आधी आहे ते चालतं का पाहूया. ५०१, ऑफिसमध्ये जाऊन एवढं कर. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाब, पट्टीत 'एमएसइन्फो३२' इंग्रजी अक्षरांत टाक. प्रोसेसर, रॅम, सिस्टिम टाइप आणि बायॉस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) मोड, या चार ओळींचा फोटो पाठव.

५०१ : जातो. चावी?

सचिव : वॉचमनकडे.

२०३ : माझ्या पार्किंगमध्ये पांढरी गाडी कुणाची आहे? तिसऱ्यांदा विचारतेय.

५०१ : 📷 आय५ ८४००, रॅम ८ जीबी, ६४ बिट, बायॉस मोड यूईएफआय. पीसी हेल्थ चेक, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं अ‍ॅपपण चालवून बघितलं. 'विंडोज ११ चालणार नाही' म्हणतंय. टीपीएम २.० नाही.

सचिव : ज्यांनी मशीन बसवलं होतं त्यांना मीही विचारलं होतं. ते म्हणाले, यात ती चिप नाही, नवीन घ्या. मग संपलाच ना विषय?

३०२ : नाही संपला. आय५ ८४०० ही इंटेलची आठवी पिढी, म्हणजे ११ च्या यादीतली पहिली. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी तिजोरी. ती वेगळी चिपच असावी लागते असं नाही. इंटेलमध्ये तीच सोय पीटीटी नावाने आतच असते, एएमडीत एफटीपीएम नावाने. बऱ्याच मशीनमध्ये ती बायॉसमध्ये बंद करून ठेवलेली असते. ५०१, रीस्टार्ट करून बायॉस उघड आणि पीटीटी शोध. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस.

२०३ : थांबा थांबा. बायॉस म्हणालात म्हणून सांगते. माझ्या लॅपटॉपचा बायॉस अपडेट केला आणि तो सुरू होताना ४८ आकडी किल्ली मागायला लागला. मी कधी बनवलीच नव्हती ती! दोन दिवस रडत होते.

३०२ : ताई, फार वेळेवर बोललात. ती बिटलॉकरची रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. आपल्याला पत्ताच नसतो. ५०१, आधी सेटिंग्जमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का बघ.

२०३ : हो, शेवटी खात्यातच सापडली. गाडी मात्र अजून हललेली नाही.

५०१ : एन्क्रिप्शन बंद आहे. पीटीटी सापडलं, डिसेबल्ड होतं. चालू केलं. हेल्थ चेक आता हिरवं दाखवतंय ✅

नाना १०१ : म्हणजे एका बटणापायी आपण अख्खं मशीन भंगारात काढणार होतो.

सचिव : पण नाना, तो फार हळू आहे हो. चहा होतो तोवर सुरू होतो. नवीन घ्यायचं खरं कारण तेच होतं.

५०१ : काका, आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे. आवाज येतो बघा.

३०२ : मग संथपणाचं कारण ती डिस्क. विंडोजचा दोष नाही त्यात. ११ ला एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, लागतेच असा नियम नाही. कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते. पण फिरत्या डिस्कवर ११ टाकलं तर सचिवसाहेब चहाबरोबर जेवणही उरकतील. माझं मत असं : एसएसडी बसवा, जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन करा, मग अपग्रेड. जुनी डिस्क काढून कपाटात. काही बिघडलं तर तीच परत लावता येते.

५०१ : पण दादा, वर्षभर जादा अपडेट मिळायची सोय आहे ना? ईएसयू. घरी आम्ही तेच घेतलंय, फुकट मिळालं.

३०२ : ती घरगुती संगणकांसाठी, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. संस्थांसाठीची वेगळी, पैसे भरून, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि दर वर्षी दर दुप्पट. मशीन ११ ला चालत असताना त्यात पडण्यात अर्थ नाही. अपग्रेड फुकट आहे.

नाना १०१ : माझ्या घरच्याचं काय मग? सहावी पिढी आहे.

५०१ : नाना, तपासणी टाळून ११ टाकता येतं. मी करून देतो.

३०२ : येतं टाकता, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा त्याचाच भरवसा नाही. नाना, तुम्ही बँकेचं काम फोनवर करता, संगणकावर बातम्या, मेल आणि पत्त्यांचे डाव. तुम्हाला लिनक्स मिंट जमेल, विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली. पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, आतलं काही पुसलं जात नाही. नाही आवडलं तर पेन ड्राइव्ह काढा, तुमचं १० जागच्या जागी. तोवर ईएसयू घेऊन ठेवा.

नाना १०१ : पत्ते असतील का त्यात?

५०१ : टाकून देतो नाना 😄

खजिनदार ताई : अपग्रेडला माझी हरकत नाही, पण हिशेबातलं एक अक्षर गेलं तर मी राजीनामा देईन. बॅकअप मी रोज पेन ड्राइव्हवर घेते.

३०२ : ताई, तो कधी दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलाय?

खजिनदार ताई : नाही. कॉपी झालेला दिसतो ना.

३०२ : आज बघाल?

(इथे पाऊण तास शांतता. पांढरी गाडी ४०४ च्या पाहुण्यांची निघाली.)

खजिनदार ताई : घरच्या लॅपटॉपवर लावला. फाइल २ केबीची आहे. उघडत नाही.

५०१ : ताई, तो शॉर्टकट आहे. डेस्कटॉपवरचं नुसतं चित्र. डेटा त्यात नाहीच.

खजिनदार ताई : मला आधीच्यांनी असंच दाखवलं होतं. म्हणजे दीड वर्ष मी चित्र कॉपी करतेय?

नाना १०१ : आता हसू का नको?

खजिनदार ताई : नको.

३०२ : ताई, डेटा मशीनवर शाबूत आहे, काही गेलेलं नाही. सॉफ्टवेअरच्या मेनूत बॅकअपचा पर्याय असेल, तिथून घ्या. दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून मागच्या महिन्याची शिल्लक जुळते का बघा. ती जुळेपर्यंत अपग्रेड नाही. आणि सॉफ्टवेअरवाल्यांना दोन गोष्टी विचारा : तुमची आवृत्ती ११ वर चालते का, आणि डिस्क बदलल्यावर लायसन्स पुन्हा चालू करावं लागतं का.

बुधवार

खजिनदार ताई : रिस्टोअर झालं, शिल्लक पैशापर्यंत जुळली. ११ वर चालतं म्हणाले. लायसन्स मात्र डिस्क बदलायच्या आधी आपल्याकडून सोडवून घ्यायचं, नाहीतर ते जुन्या डिस्कला चिकटून राहतं.

सचिव : बरं झालं विचारलंत. रविवारी करू.

रविवार

५०१ : क्लोन झालं, ११ टाकून झालं. अपग्रेडला दीड तास लागला. कॅमेरे चालतात. ते १० वरही एज ब्राउझरच्या आयई (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या) मोडमध्येच उघडायचे, तसेच इथेही. प्रिंटर ठीक.

खजिनदार ताई : स्टार्टचं बटण मध्ये का गेलंय?

५०१ : टास्कबारच्या सेटिंगमधून डावीकडे आणलं ताई. राइट क्लिकला जुनी यादी हवी असेल तर खालचं 'शो मोअर ऑप्शन्स' दाबा.

३०२ : सगळ्यांसाठी : १० वर परत जायचं असेल तर सेटिंग्जमध्ये दहा दिवस 'गो बॅक' राहतं. तोवर जागा मोकळी करायच्या नादात जुन्या विंडोजच्या फायली कुणी पुसू नका.

आठव्या दिवशी

सचिव : सुरू व्हायला आता वीस सेकंदही लागत नाहीत. पण स्कॅनर ओळखत नाही. कंपनीने त्याचा नवा ड्रायव्हर (विंडोजला स्कॅनर ओळखायला लागणारं सॉफ्टवेअर) काढलेलाच नाही. दोन दिवस उरलेत. परत जायचं का?

नाना १०१ : मी म्हटलं होतं.

३०२ : ताई, महिन्यात किती कागद स्कॅन होतात?

खजिनदार ताई : आठ-दहा. त्यातले निम्मे मी फोननेच करते, स्कॅनरचं झाकण नीट बसत नाही म्हणून.

सचिव : मग नको परत. स्कॅनरचं पुढच्या मीटिंगला बघू. ५०१, नानांकडे कधी जाणार आहेस?

५०१ : कालच गेलो होतो काका. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करून दिलं. नाना रात्री साडेबारापर्यंत पत्ते खेळत होते.