मदत हवी आहे: लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी डीव्हीडीवर घ्यायच्या आहेत, एन्कोडिंगचं सेटिंग काय ठेवू?

वरातीमागून

नमस्कार मंडळी. घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी (लग्नं, मुंजी, एक डोहाळजेवण, सगळ्या पाल म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, ई-१८० म्हणजे तीन तासांच्या) डीव्हीडीवर घ्यायच्या आहेत. आईबाबांना टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये डिस्क सरकवून बघता यायला हवं, त्यामुळे डीव्हीडीच हवी. "यूट्यूबवर टाका" हा सल्ला कृपया नको.

जोडणी: व्हीसीआर, पिवळी-पांढरी पिन, यूएसबी कॅप्चर डोंगल, लॅपटॉप. डोंगलच्या सॉफ्टवेअरमधून थेट एमपेग-२, ७२०×५७६, सीबीआर (बिटरेट कायम एकच), सेकंदाला ३००० किलोबिट. तीन तास एका डिस्कवर बसतात, पण:

१. अक्षता पडायला लागल्या की चित्राचे चौकोन चौकोन होतात. फ्लॅश उडला तरी तेच.
२. लॅपटॉपवर ठीक दिसतं, टीव्हीवर चालणारी माणसं थरथरतात.
३. तळाशी एक वळवळणारी पट्टी दिसते.
४. तिसऱ्या तासाला आवाज ओठांच्या मागे पडतो.

बिटरेट वाढवला तर तीन तास मावत नाहीत. व्हीबीआर (गरजेप्रमाणे बदलणारा बिटरेट) घेऊ का? रिझोल्यूशन कमी करू का?

पिवळी_पिन

तुमच्या चारपैकी एकच तक्रार खरी बिटरेटची आहे, पहिली. म्हणून आधी कॅप्चर आणि एन्कोडिंग वेगळं करा. कॅप्चर होता होता एमपेग-२ केलं की एन्कोडरला पुढे काय येणार ते माहीत नसतं, दोन पास (आधी सगळं पाहून मग एन्कोड) करता येत नाहीत, आणि एकदा पडलेले चौकोन नंतर कशानेही जात नाहीत.

व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्ही किंवा लॅगारिथ कोडेक लावून लॉसलेस (काहीही तपशील न गमावता) कॅप्चर करा: ७२०×५७६, २५ फ्रेम, वाययूवाय२ (रंग साठवायची पद्धत). कॉम्प्रेशनशिवाय हे तासाला सुमारे ७५ जीबी होतं, लॉसलेस कोडेकने साधारण निम्म्यावर येतं. डिस्क एनटीएफएस हवी, एफएटी३२ वर फाइल ४ जीबीला अडकते. आवाज ४८ किलोहर्ट्झलाच घ्या. डीव्हीडीला तोच लागतो, ४४.१ घेऊन नंतर बदलत बसू नका.

चौथी तक्रार: कॅप्चर चालू असताना उजवीकडचा 'फ्रेम्स ड्रॉप्ड' आकडा बघा. टेप ताणलेली असते, सिंक पल्स (ओळ, फ्रेम कुठे सुरू होते त्याचा इशारा) वेळेवर येत नाही, डोंगल फ्रेम गाळतं. चित्र तेवढं आखूड होतं, आवाज मात्र पूर्ण लांबीचा राहतो, म्हणून तो हळूहळू मागे पडतो. इलाज टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची वेळ सरळ करणारं यंत्र. तो महाग. स्वस्तातली युक्ती म्हणजे व्हीसीआर आणि डोंगलच्या मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर टाकायचा, रेकॉर्डिंग न करता नुसता सिग्नल त्यातून पुढे न्यायचा. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० यासाठी ओळखला जातो. भिंतीच्या कडा, दाराच्या चौकटी वरच्या बाजूला वाकलेल्या दिसत असतील तर त्याही यातून सरळ होतात.

व्हीसीआरच्या मेन्यूत 'ब्लू बॅक' असेल तर बंद करा. सिग्नल जरा क्षीण झाला की तो निळा पडदा टाकतो आणि तेवढा भाग हातचा जातो. प्रत्येक कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा. आणि खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, कॅसेट आत घालू नका. हेडला लागली की पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. कोकणातून आलेल्या कॅसेटी तर उजेडात धरून बघितल्याशिवाय लावूच नयेत.

फिरकी

दुसरी तक्रार फील्ड ऑर्डरची. पाल चित्र म्हणजे सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), दोन मिळून एक फ्रेम. ॲनालॉग कॅप्चर डोंगल बहुधा वरचं फील्ड आधी देतात, डीव्ही कॅमेऱ्याची फायरवायर फाइल मात्र खालचं आधी देते. एन्कोडरला उलटं सांगितलं की टीव्ही प्रत्येक माणसाला एक पाऊल पुढे, अर्धं मागे असं दाखवतो. लॅपटॉपवरचा प्लेअर डीइंटरलेस करताना, म्हणजे फील्डांची अखंड चित्रं बनवताना, दोन फील्ड एकत्र मिसळत असेल तर ते कळत नाही.

तपासणी सोपी आहे. एव्हीआयसिंथ या स्क्रिप्टने चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टॉप फील्ड फर्स्ट गृहीत धरून फील्ड वेगळी करा आणि आडवी हालचाल असलेला तुकडा एकेक पाऊल पुढे न्या. नवरदेवाची घोडी सलग पुढे गेली तर ऑर्डर बरोबर, पुढेमागे उड्या मारल्या तर उलटी.

डीव्हीडीसाठी डीइंटरलेस करू नका. एन्कोडरमध्ये 'इंटरलेस्ड' आणि 'अल्टरनेट स्कॅन' चालू ठेवा. उभी उंची बदलू नका, ५७६ म्हणजे ५७६. रिसाइझ केलं की दोन फील्ड एकमेकांत कालवली जातात. वरून विषम संख्येने ओळी कापल्या तरी फील्ड ऑर्डर उलटते.

एक जागा लोक हमखास विसरतात: वाययूवाय२ मधून वायव्ही१२ (डीव्हीडीची रंगपद्धत) करताना इंटरलेस्डचा पर्याय द्यावा लागतो. नाही दिला तर लाल शालूच्या काठावर, हलल्यावर, कंगव्यासारखे दाते दिसतात. चित्र धारदार आणि रंग मात्र फाटलेला, असं दिसलं की कारण हेच.

तळाची पट्टी म्हणजे हेड बदलण्याची जागा, साधारण ८ ते १२ ओळी. जुन्या टीव्हीच्या कडेआड ती लपायची, एलसीडीवर दिसते. कापू नका, काळ्या रंगाने झाका. ती दर फ्रेमला वेगळी वळवळते, म्हणजे फुकटचे बिट खाते, तेही वाचतात.

हाफ_डी१

आता बिटरेट. ४.७ जीबीची डिस्क म्हणजे सुमारे ३७,६०० मेगाबिट. त्याला सेकंदांनी भागा, मेन्यू आणि कडेची जागा म्हणून ४ टक्के सोडा, आवाजाचे १९२ किलोबिट वजा करा.

तीन तास = १०,८०० सेकंद, व्हिडिओला उरतात ३१०० च्या आसपास.
दीड तास = ५४०० सेकंद, उरतात ६४००.

म्हणजे ७२०×५७६ ला ३००० दिलेत तेव्हाच चौकोनांची सोय झाली होती. व्हीएचएसचा गोंगाट दर फ्रेमला नवा असतो, त्यामुळे मागच्या फ्रेमवरून पुढची ताडता येत नाही आणि एन्कोडर गोंगाट रंगवण्यातच बिट संपवतो. त्यात अक्षता म्हणजे शेकडो ठिपके, प्रत्येकाची दिशा वेगळी. फ्लॅशने तर अख्खी फ्रेम बदलते.

तीन तास एकाच डिस्कवर हवेतच तर ३५२×५७६ घ्या. हे डीव्हीडीच्या नियमात बसतं. व्हीएचएसची बँडविड्थ सुमारे ३ मेगाहर्ट्झ, एका ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंद, म्हणजे आडवे फार तर ३१२ नमुने. ३५२ मध्ये ते मावतात. पिक्सेल निम्मे झाल्याने तोच ३१०० दुपटीसारखा पुरतो. ७२० पैकी दोन्ही कडांचे ८-८ पिक्सेल कापून ७०४ चं ३५२ करा. थेट ७२० चं केलं तर माणसं किंचित बारीक दिसतात. ३५२×२८८ च्या वाटेला जाऊ नका, त्यात एक फील्डच उडतं आणि हालचाल व्हीसीडीसारखी दिसते.

बाकी सेटिंग: दोन पासचा व्हीबीआर, कमाल ८०००, जीओपी (एका पूर्ण फ्रेमपासून पुढच्या पूर्ण फ्रेमपर्यंतचा गट) १५ (पालला त्याहून मोठा चालत नाही), बी फ्रेम (मागच्यापुढच्या फ्रेमवरून ताडलेल्या) २. डीव्हीडीची व्हिडिओची मर्यादा ९८०० असली तरी घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथे अडखळतात. आवाज एसी३ (डॉल्बी डिजिटल). एचसीएन्क हा एन्कोडर फुकट आहे आणि या कामाला पुरेसा आहे.

पिवळी_पिन

@हाफ_डी१, गणित मान्य, पण लग्नाच्या कॅसेटीला मी दोन डिस्कच करायला सांगेन. ७०४ वर ६४०० दिले तर गोंगाट कमी करणारा फिल्टर जवळपास लागतच नाही. ३१०० वर तो लावावा लागतो, आणि जरा जोर झाला की चेहरे मेणाचे होतात. मांडवातल्या व्हिडिओ लाइटने चेहरे आधीच पांढरेफटक आहेत, उरलासुरला तपशील तरी राहू दे. सीमांतपूजन आणि हळद एका डिस्कवर, लग्न आणि पाठवणी दुसऱ्या. मुंज तासाभराची असेल तर प्रश्नच नाही, सरळ ७५०० द्या.

फिल्टर लावायचाच तर फील्ड वेगळी करून हलका टेम्पोरल (लागोपाठच्या फील्डांची तुलना करणारा) लावा.

वरातीमागून

दंडवत घ्या सगळ्यांनी. दोन डिस्कचं पटलं. एकच राहिलं: न्यू जर्सीहून मावशीने पाठवलेली बारशाची कॅसेट आहे, टी-१२०. व्हीसीआर मल्टिसिस्टम आहे, टीव्हीवर रंगीत दिसते, पण कॅप्चरमध्ये काळीपांढरी येते आणि गुंडाळल्यासारखी वर सरकते.

फिरकी

ती एनटीएससी आहे, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीची. बरेच मल्टिसिस्टम व्हीसीआर तिचं पाल-६० करून बाहेर देतात: ६० फील्ड, ५२५ ओळी, रंग मात्र पालचा. कॅप्चरच्या यादीत 'पाल_६०' असेल तर तो निवडा. नसेल तर व्हीसीआरवर 'एनटीएससी ३.५८' असं आउटपुट मिळतं का बघा आणि डोंगल 'एनटीएससी_एम' वर ठेवा. काळंपांढरं येणं म्हणजे रंगाची पद्धत चुकली, सरकणं म्हणजे ओळींची संख्या चुकली. तुमच्याकडे दोन्ही झालंय, म्हणजे डोंगल साध्या पालवर आहे.

कॅप्चर ७२०×४८०, २९.९७ फ्रेम, जीओपी १८. पालमध्ये बदलू नका, आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाजवतात. पण ती डिस्क वेगळी करा, पालच्या मुंजीसोबत एकाच डिस्कवर नको. बर्न करताना डीव्हीडी-आर, वेग ४ किंवा ८, शेवटी व्हेरिफाय. वर कागदी लेबल चिकटवू नका, डिस्क फिरताना डुगडुगते. नाव मार्करनेच लिहा.