फुटलेला ट्रेलर बघायचा की नाही?

कॅफे नंबर सात (लातूर)

शहाणपणा शिकवायला धागा काढलेला नाही. राग आहे, तोही जुना. परवा माझ्या गेमिंग कॅफेत एका पोरानं "दादा, नवीन लीक आलंय, बघा की" म्हणत मोबाईल तोंडापुढं धरला आणि तो पुन्हा वर आला.

डिसेंबर २०२३. जीटीए ६ या गेमचा पहिला ट्रेलर ५ तारखेला, आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला येणार होता. जीटीए ५ येऊन दहा वर्षं झालेली. कॅफे ट्युशन एरियाच्या मागं आहे, गिऱ्हाईक सगळं अकरावी-बारावीचं, तासाला तीस रुपयेवालं. म्हणलं, सगळे मिळून बघू. मेहुण्याच्या क्लासचा प्रोजेक्टर मागून आणला. बायकोची पांढरी चादर भिंतीला खिळे ठोकून ताणली, त्याबद्दल जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. घरून पातेलंभर चुरमुऱ्यांचा सुशीला आणला.

आणि त्या दिवशी पहाटेच साडेचारच्या सुमाराला ट्रेलर फुटला. कुणीतरी एक्सवर टाकला, चित्रावर 'बिटकॉइन घ्या' असं चिकटवून. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं वैतागून लगेच स्वतःचाही टाकून दिला. संध्याकाळी बावीस पोरं जमली, त्यातल्या एकोणीस जणांनी सकाळीच बघितलेला, काहींनी तर ती बिटकॉइनवालीच धुरकट कॉपी. चादरीवर चित्र हलायला लागलं की पुढं काय येणार ते आधीच ओरडून सांगत होते. दीड मिनिटात खेळ खलास. सुशीला मात्र संपला.

माझं म्हणणं सरळ आहे. फोडणारा चोर आहेच, पण फुटलेलं बघणाऱ्याचाही त्यात वाटा आहे. बघणारे नसते तर त्यानं फोडलं असतं का? आपण लातूरची माणसं, पेपर फुटला की गाव पेटतं. मग इथं फोडणाऱ्याला टाळ्या कामून?

धारूरघाट (बीड)

भाऊ, चादरीचं वाईट वाटलं. बाकी काही पटलं नाही.

ट्रेलर म्हणजे जाहिरात. जाहिरात पंधरा तास आधी दिसली तर कुणाच्या घरचं काय गेलं? त्याच ट्रेलरला यूट्यूबवर पहिल्या चोवीस तासांत नऊ कोटींच्या वर व्ह्यूज पडले. एवढं नुकसान मला रोज होऊ दे.

आता मपलं ऐका. डिसेंबर २०२० ला सायबरपंक २०७७ हा गेम आला. मी पीएस४ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलवर घेतला, पगारातले पैसे बाजूला टाकून. तोवर जेवढं बघितलं होतं ते सगळं कंपनीनं दाखवलेलं, अधिकृत, चकाचक. रिव्ह्यूवाल्यांना आधी दिली ती फक्त पीसीची कॉपी, आणि रिव्ह्यूत स्वतः खेळताना घेतलेला व्हिडिओ दाखवायला मनाई. कन्सोलवर त्याची काय अवस्था आहे ते विकत घेतल्यावरच कळायचं. गाडीत बसलो की रस्ता गायब, माणसं जमिनीत अर्धी गाडलेली, आणि मधूनच गेम बंद. हप्ताभरात सोनीनं तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, ऑनलाइन घेणाऱ्यांना पैसे परत दिले. माझी डिस्क होती. दुकानदार म्हणाला, सील फोडलं ना, विषय संपला.

तेव्हा कुणी पीएस४ वरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ फोडला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पाच हजारांचा गेम घेणाऱ्या माणसानं कंपनीच्या तोंडाकडं बघून पैसे टाकायचे का?

फुकट सल्ला

ट्रेलरच्या आधी, २०२२ ला, जीटीए ६ चे व्हिडिओ फोडणाऱ्या त्या इंग्लंडच्या पोराला मानलं पाहिजे राव. जामिनावर बाहेर, लॅपटॉप जप्त, तरी हॉटेलातल्या टीव्हीला फायर स्टिक लावून रॉकस्टार फोडली. आपल्याकडं टीव्हीला वायफाय जोडायला केबलवाल्याला बोलवतेत.

क्यूएवाली (परभणी, सध्या पुणे)

@फुकट सल्ला, निकाल लागला तेव्हा तो पोरगा अठरा वर्षांचा होता. त्याला बेमुदत हॉस्पिटलात ठेवायचा आदेश झाला, सुटका कधी ते डॉक्टर ठरवणार. हसण्यासारखं त्यात मला काही सापडलं नाही.

मी गेम टेस्टिंग करते. घरी आईला "कॉम्प्युटरचं काम" एवढंच माहीत आहे. सकाळी मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा आणि दिवसभर भिंतीवर डोकं आपटायचं, म्हणजे गेममधल्या पात्राचं. भिंत कुठं पोकळ आहे ते असंच शोधतात. एकाच भिंतीवर मी एकदा चार दिवस काढलेत.

सप्टेंबर २०२२ ला जीटीए ६ चे नव्वदेक व्हिडिओ फुटले, आठवतंय? अर्धवट काम होतं ते. पात्रांच्या डोक्यावर आकडे, रंग न दिलेल्या इमारती. आणि लोक काय म्हणाले? "एवढ्या वर्षांत हेच केलं का? ग्राफिक्स तर सगळ्यात आधी तयार होतं." शेवटी जगभरच्या डेव्हलपरांनी आपापल्या गाजलेल्या गेमचे कच्चे व्हिडिओ टाकून दाखवलं की मधल्या टप्प्यावर सगळे असेच दिसतात. कंट्रोल नावाच्या गेमच्या डिझायनरनंही टाकला होता. घराचं प्लास्टर व्हायच्या आत पाहुण्यांनी येऊन नावं ठेवावीत तसं झालं ते. त्यातून सावरायला पन्नास लाख डॉलर आणि लोकांचे हजारो तास गेले, असं रॉकस्टारनं कोर्टात सांगितलं.

ट्रेलर ही जाहिरात, मान्य. पण चोर ट्रेलर तेवढा उचलून बाकीचं जागेवर ठेवत नाही ना. इन्सोम्नियाक या गेम कंपनीचं डिसेंबर २०२३ चं बघा. पन्नास बिटकॉइनची खंडणी मागितली, कंपनीनं दिली नाही, मग तेरा लाखांवर फायली बाहेर टाकल्या. तुम्ही त्यातला वुल्व्हरिन गेम बघत होतात, आणि त्याच ढिगात तिथल्या माणसांचे पासपोर्ट पडलेले होते.

आमच्याकडचंही सांगते, कंपनीचं नाव विचारू नका. वर्षभर ज्या गेमवर काम केलं त्याचं नाव मी सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं. एक दिवस ते नाव बाहेर आलं. आम्हा चौदा जणांना एकेकटं खोलीत बोलावून विचारलं. कुणाचं काही निघालं नाही. तरी तिघांचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात वाढवलं नाही. त्यातला एक हिंगोलीचा होता, डब्यातला ठेचा रोज सगळ्यांना वाटायचा.

धारूरघाट

ताई, पासपोर्टवालं पटलं. ते बघणारा मी नाही, त्याला चोरीच म्हणतो.

पण त्या तिघांना घरी कुणी पाठवलं? फोडणाऱ्यानं की तुमच्या कंपनीनं? काहीच सापडलं नाही म्हणता, तरी काढलं. राग तिकडं वळवा की थोडा.

क्यूएवाली

तिकडंही आहे. दोन्हीकडं राग ठेवायला जागा आहे माझ्याकडं. पण ते नाव बाहेर आलं नसतं तर खोलीत बोलावणं आलं नसतं, एवढं तर खरं ना?

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

तुम्ही सगळे पोरं आहात, थोडं जुनं ऐका. आमच्या वेळी पैठण गेटजवळच्या सायबर कॅफेत एक गेम डाउनलोडला लावायचा तर कॅफेवाल्याला चहा पाजावा लागायचा, वर तो रात्रभर मशीन चालू ठेवायचे वेगळे पैसे घ्यायचा.

व्हॉल्व्ह कंपनीच्या हाफ-लाइफ २ गेमची तारीख जाहीर झाली होती ३० सप्टेंबर २००३. ती गेली. मग ऑक्टोबरात त्याचा सोर्स कोडच, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम, इंटरनेटवर फुटला, जर्मनीतल्या एका पोरानं व्हॉल्व्हच्या नेटवर्कमध्ये शिरून नेलेला. गेम प्रत्यक्षात आला १६ नोव्हेंबर २००४ ला. उशिराचं सगळं खापर आम्ही चोराच्या माथ्यावर फोडलं, शिव्या घातल्या. पुढं कळलं की कंपनी सांगत होती त्या तारखेला गेम तयार होण्यासारखा नव्हताच. फुटलं म्हणून झाकलेलं उघडं पडलं.

म्हणून बीडवाल्याचं अर्धं मला पटतं. अधिकृत म्हणजे खरं, हे डोक्यातून काढा. किलझोन २ गेमचा २००५ च्या ई३ या गेमच्या प्रदर्शनातला ट्रेलर आठवतो? आम्ही तोंडात बोट घालून बघितला. पीएस३ वर खेळ असाच दिसणार असं वाटलं, निघाली आधी बनवून ठेवलेली ॲनिमेशन फिल्म.

आणखी एक. कुणी आतला माणूस पत्रकाराला सांगतो आणि पत्रकार तपासून छापतो, त्यालाही तुम्ही लीकच म्हणता. फॉलआउट ४ गेम येतोय हे कोटाकू या गेमच्या बातम्यांच्या वेबसाइटनं डिसेंबर २०१३ मध्येच कागदपत्रांसकट छापलं, कंपनीनं सांगितलं जून २०१५ ला. त्या कंपनीनं, बेथेस्डानं, कोटाकूशी बोलणंच बंद केलं. गावातल्या पत्रकारानं धरणाच्या टेंडरचे कागद छापले तर आपण त्याला चोर म्हणतो का? कुलूप तोडणं वेगळं आणि हे वेगळं.

(वॉलमार्ट कॅनडाचा किस्सा कुठल्याच खात्यात बसत नाही. २०१८ ला त्यांच्या वेबसाइटवर जाहीर न झालेल्या गेमची यादीच लागली, त्यात रेज २. रेज २ वाल्यांनी काय करावं? त्या पानावर लाल पेनानं चुका दुरुस्त करून फोटो टाकला. मास्तर माणसं.)

गोदाकाठ (नांदेड)

तुमचे पाच हजारांचे गेम राहू द्या. आमच्याकडं मोबाईल आहे आणि बीजीएमआय, म्हणजे भारतातला पबजी आहे.

२८ जुलै २०२२ ला तो प्ले स्टोअरवरून गेला, परत आला मे २०२३ ला. मधले दहा महिने यूट्यूबवर रोज 'लीक'. उद्या येतोय, सोमवारी येतोय, आतल्या माणसानं सांगितलं. आमच्या गल्लीतल्या पोरानं टेलिग्रामवरच्या एकाला दोनशे रुपये देऊन "आतली एपीके", म्हणजे गेमची फाइल घेतली. मोबाईलमध्ये टाकली, लॉगिन केलं, आणि तीन वर्षांचं अकाउंट गेलं. गेममधल्या स्किन, म्हणजे पात्राचे कपडे-बिपडे घ्यायला त्यानं गणपतीच्या वर्गणीतले पैसे वळवले होते, ते वेगळंच प्रकरण.

हे कसलं लीक? अफवेला लीक म्हणलं की किंमत येते, बस. बरं, अधिकृत तरी धड आहे का? फ्री फायर इंडिया ५ सप्टेंबर २०२३ ला येणार म्हणून खुद्द कंपनीनं सांगितलं, धोनीला आणलं. ५ तारखेला पोरं रात्री बारापासून रिफ्रेश मारत बसली. आदल्या दिवशीच पुढं ढकललं होतं, ते वाचलंच नव्हतं कुणी.

लातूर २०२४

मी गेम खेळत नाही, भावानं धागा दाखवला. कॅफेवाले दादा, पेपरफुटीचं उदाहरण मागे घ्या.

मी २०२४ ला नीट दिली. निकाल लागला तर ७२० पैकी ७२० वाले सदुसष्ट. नंतर तपासाचे धागे आपल्याच गावापर्यंत आले. फेरपरीक्षा मिळाली ती ग्रेस मार्कवाल्या १,५६३ जणांना, आम्हाला नाही. आदल्या वर्षी सरकारी कॉलेजला पुरले असते एवढे मार्क घेऊन मी परत रिपीटरच्या बॅचला बसले. वडिलांनी दुसऱ्या वर्षाची फी भरली. तुमच्या कॅफेच्या मागच्याच गल्लीत मेस होती माझी.

तुमचं दीड मिनिट गेलं. दोन्हीला 'फुटलं' म्हणतात म्हणून ते एक होत नाही.

कॅफे नंबर सात

ताई, मागे घेतलं. लिहिताना हात सहज गेला, जायला नको होता.

पैठणगेट काकांचं पत्रकारवालंही मान्य. सायबरपंकच्या वेळी कुणी आतून सांगितलं असतं तर मीही वाचलं असतं. कॅफेत तो दोन मशीनवर टाकायला मीसुद्धा पैसे घातलेत.

पण धारूरघाट, तू एक टाळतोयस. गेम कसा आहे हे कळणं वेगळं, आणि ट्रेलर पंधरा तास आधी चोरून बघणं वेगळं. त्यात तुझा कुठला पैसा वाचला? उलट दुसरा ट्रेलर बघ. ६ मे २०२५ ला रॉकस्टारनं आधी काही न सांगता धपकन टाकला. पहिल्याच्या अनुभवानं शहाणे झाले असं मला वाटतं, त्यांनी तसं म्हणलेलं नाही. पण आपलं काय झालं? मी दुकानात मॉनिटर पुसत होतो. कुणी बोलवायचं, कुणाला बोलवायचं? ज्यानं त्यानं आपापल्या मोबाईलवर बघितला. तारीख सांगून सगळ्यांनी मिळून वाट बघायची, तेच गेलं ना.

धारूरघाट

ते तुमचं दुःख कॅफेवाल्याचं आहे भाऊ, गेमवाल्याचं नाही. मी आमच्या गावात एकटाच खेळतो. मला ना चादर, ना सुशीला. पहाटे साडेचारला ट्रेलर फुटला तव्हा मी जागाच होतो, आणि दहा-वीस हजार अनोळखी लोकांसोबत एकाच वेळी ओरडत होतो. माझ्यासाठी तीच तुमची चादर. सरकारी मुहूर्ताला बघितलं असतं तर एवढी मजा आली नसती, खोटं कामून बोलू.

क्यूएवाली

हे पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं. पैसे वाचतात, ग्राहकाचा हक्क, हे सगळं राहू दे. मजा येते म्हणून बघतो, असं म्हण आणि मोकळा हो.

धारूरघाट

म्हणलं की. मजा येते. सायबरपंकचं पण खरंच आहे, ते सोडत नाही.

गोदाकाठ

जीटीए ६ ची आता १९ नोव्हेंबर २०२६ धरून चाललेत. आधी २०२५ होतं, मग २६ मे २०२६ होतं. तेव्हा डिस्क दुकानात पोचल्या की कुणीतरी आधी उघडणारच. झेल्डाचं टिअर्स ऑफ द किंगडम २०२३ ला असंच तारखेच्या दहाएक दिवस आधीच बाहेर आलं होतं. कॅफेवाले दादा, तेव्हा काय करणार?

कॅफे नंबर सात

नियम लावणार. त्या आठवड्यात कॅफेत फुटलेलं लावलं की मशीन बंद, तासाचे पैसे परत नाही. दारावर पाटी.

फुकट सल्ला

आणि आवाजाचं काय? हेडफोन लावून बघितलं तर तुम्हाला कळणार कसं?

कॅफे नंबर सात

पोरगं मान खाली घालून एकटंच हसायला लागलं की कळतं. अकरा वर्षं झाली कॅफे चालवून.

धारूरघाट

लातूरला आलो तर शेजारच्या कॅफेत बसेन मग. सुशीला असला तर तेवढा वेळ तुमच्याकडं.