आर्च लिनक्स: एयूआरमधील पॅकेज जुने राहिल्यास काय करावे?

प्रश्न: मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती येऊनही एयूआरमधील (आर्च लिनक्स या संगणक-प्रणालीच्या वापरकर्त्यांच्या पॅकेज-संग्रहातील) पॅकेज जुनेच आहे. काय करावे?

पहिले उत्तर: पॅकेजच्या पानावर 'कालबाह्य' अशी खूण करावी, म्हणजे देखभालकर्त्याला सूचना जाते, तोवर पीकेजीबिल्ड (पॅकेज बांधण्याची कृती लिहिलेली फाइल) उतरवून त्यातील आवृत्तीक्रमांक बदलावा, 'अपडीपीकेजीसम्स' (त्या फाइलमधील चेकसम, म्हणजे उतरवलेली फाइल जुळते का हे तपासण्याचे संकेतांक, नव्याने लिहिणारी आज्ञा) चालवावे आणि 'मेकपीकेजी'ने पॅकेज स्वतः बांधावे.

दुसरे उत्तर: एक महत्त्वाची पुस्ती जोडतो. 'अपडीपीकेजीसम्स' जी फाइल उतरेल तिचाच चेकसम लिहिते, ती अस्सल आहे की नाही हे तपासत नाही. म्हणून प्रकल्पाने चेकसम किंवा स्वाक्षरी प्रसिद्ध केली असल्यास ती अवश्य पडताळावी.

प्रश्नकर्ता: देखभालकर्ता प्रतिसादच देत नसेल तर?

पहिले उत्तर: दोन आठवडे वाट पाहून पॅकेज मोकळे करण्याची, म्हणजे त्या देखभालकर्त्याकडून काढून घेण्याची, विनंती नोंदवावी. 'कालबाह्य' ही खूण 180 दिवस तशीच राहिली असेल, तर विनंती आपोआप मंजूर होते आणि पॅकेज आपण दत्तक घेऊ शकता, म्हणजे त्याची देखभाल स्वतःकडे घेऊ शकता.