शेठ म्हणतात "तू घरचीच आहेस". पगारवाढ मागू कशी? (लातूर)

लातूरची हिशेबनीस

नमस्कार. लातूरला एका डाळमिलमध्ये हिशेब बघते. 2019 ला 13,000 वर लागले, आज 18,500 आहे. तेव्हा नुसत्या टॅलीत नोंदी करायच्या होत्या. आता आडतीच्या पट्ट्या (आडत्याकडून येणारे मालाच्या हिशेबाचे कागद), हमाली-तोलाई, जीएसटी रिटर्न, ई-वे बिलं (माल गाडीने पाठवताना लागणारं ऑनलाइन बिल), बँकेचं स्टॉक स्टेटमेंट सगळं माझ्याच टेबलावर.

जुलै 2022 मध्ये 25 किलोपर्यंतच्या लेबलच्या पाकिटांवर 5 टक्के जीएसटी आला. कोणता माल करात, कोणता बाहेर, हे लावत आठ दिवस रात्री नऊपर्यंत बसले. मागच्या थंडीत पाकिटांची गाडी चेन्नईला निघालेली, कुर्नूलच्या अलीकडे पाटा तुटला. ड्रायव्हरचा फोन आला साडेअकराला, बाराला ई-वे बिलाची मुदत संपणार. लेक मांडीवर झोपलेली. गाडी नंबर, ठिकाण, कारण, सगळं एका हाताने मोबाईलवर भरून मुदत वाढवली. सकाळी शेठ म्हणाले, "तू होतीस म्हणून." बरं वाटलं, पण पगारात ते कधी दिसलं नाही.

शेठ माणूस चांगला आहे. माझ्या बाळंतपणात वहिनींनी डिंकाचे लाडू पाठवले होते. म्हणूनच तोंड उघडत नाही. दोनदा विषय काढला, तर "अगं, तू घरचीच, बघू की पाडव्याला." मागच्या पाडव्याला त्यांच्या शेतातल्या सालगड्याचं साल माझ्यासमोर ठरलं, उचल मीच मोजून दिली. माझं कुणी काढलंच नाही.

आता दिवाळीनंतर एक मुलगा लागलाय, 22,000 वर. पट्टी कशी वाचायची ते त्याला मी शिकवतेय. फार लागलंय मनाला. मला 24,000 हवेत. कधी बोलू, काय बोलू?

जुना दिवाणजी, नांदेड

ताई, त्या पोराचं नाव काढू नको. शेठ त्याची डिग्री सांगतील आन् तुझी गोष्ट तिथंच संपंल. तुरीची आवक जोरात असताना बी नको, त्यांचं सगळं ध्यान भावात असतंय. सौदे उरकले, गादीवर एकटे असले की समोर बसून बोल. उभ्यानं नाही, हमाल-गिऱ्हाइकासमोर तर नाहीच. "बघू" म्हणले की "कोणत्या तारखेला, शेठ?" एवढंच विचार आन् गप राहा. मी जन्मभर त्या गप्प बसण्यात घाई केली.

जालन्याचा एक व्यापारी

माझ्याकडे नऊ माणसं आहेत, म्हणून मालकाच्या बाजूनं सांगतो. कुणी "घर भागत नाही" म्हटलं की माझा हात गल्ल्याकडे जातो. पाच हजार उचल दिली की मला वाटतं काम झालं. पगार वाढवायचा असतो हे तेव्हा डोक्यातच येत नाही. त्यामुळे घरची अडचण सांगू नका, ती उचलीवर मिटते आणि वर तुमच्याच नावावर चढते.

आमच्या हिशेबनिसानं एक कागद आणला होता: लागलो तेव्हाची कामं, आत्ताची कामं, खाली आकडा. त्यातलं निम्मं तो करतो हे मला माहीतच नव्हतं. नाही म्हणायला जागाच उरली नाही. तुम्ही चेन्नईची गाडी सगळ्यात वर लिहा. आणि आकडा तुम्हीच सांगा. "तुम्हाला योग्य वाटेल ते" म्हणालात तर हजारावर बोळवण होईल.

वाळूजची एचआर

एक गोष्ट आधी बघा. ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापत असतील तर त्याची मर्यादा 21,000 आहे. त्यापुढे पगार गेला की कार्ड बंद होतं, पण लगेच नाही. वर्गणीचे टप्पे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. वाढ 1 एप्रिलपासून धरली तर वर्गणी तिथंच थांबते. मेपासून धरली तर सप्टेंबरपर्यंत भरली जाते आणि त्या टप्प्याचा लाभ पुढच्या जूनपर्यंत मिळतो. लहान लेक आहे, महिनाभर थांबणं परवडेल. व्यवसाय कराची काळजी नको, महाराष्ट्रात बायकांना 25,000 पर्यंत तो नाही.

लातूरची हिशेबनीस

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा बोलले. कागदावर अकरा कामं निघाली, लागले तेव्हा टॅलीतल्या नोंदींची तीन होती. लिहितानाच माझं मला रडू आलं, इतकं आपण करतो हे कधी मांडलंच नव्हतं. शेठनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "कोणत्या तारखेला, शेठ?" आणि थांबले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मग म्हणाले, "सोमवारी."

आज सोमवार. 23,000 ठरले, मेपासून, आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा बसायचं. मी म्हटलं, लिहून द्या. त्यांनी मिलच्या लेटरहेडवर सही करून दिलं. एक हजार कमी पडले त्याचं वाईट वाटतंय, पण त्या कागदाची एक झेरॉक्स पर्समध्ये आहे.