अकरावी-बारावीला जर्मन नव्हतं, आता बीएला घेतलंय. निभेल का? (मदत हवी आहे)

कागलहून रोज एसटीनं कोल्हापूरला येते. शाळा मराठी माध्यमाची, बारावी आर्ट्स. यंदा बीएला जर्मन घेतलं. कारण ऐकून हसाल. आबा फौंड्रीत आहेत, तिथल्या एका जुन्या मशीनवर जर्मन पाटी आहे आणि ती कुणालाच वाचता येत नाही. लहानपणी बघितलेली, डोक्यातनं गेलीच नाही.

प्रवेशावेळी 'आधी शिकलेलं नसलं तरी चालेल' असं सांगितलं. वर्गात बघते तर निम्मी पोरं अकरावी-बारावीला जर्मन करून आलेली. मुळाक्षरं एका तासात उरकली. मॅडम स्वभावानं चांगल्या आहेत, पण 'हे तर येतंच तुम्हाला' म्हणून पुढं जातात. पुस्तकातलं व्याकरण इंग्रजीत. म्हणजे मी आधी इंग्रजी मराठीत करणार, मग जर्मन. काल आकडे विचारले, एकवीसचं बारा झालं. सगळे हसले.

विषय बदलायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. जपानी घेऊ का? तिथं सगळेच शून्यावर असतील. की वर्षभर बाहेर ए-१ चा (अगदी पहिल्या पातळीचा) क्लास लावून परत येऊ? आबा म्हणतात, घेतलंस तर निभाव.

प्रतिसाद १
ताई, वर्ष वाया घालवू नका. मीही गडहिंग्लजकडनं असाच कोरा आलो होतो. आधी मधलं इंग्रजी काढून टाका. एकवीसला जर्मनमध्ये आइन-उंड-त्स्वांत्सिग, म्हणजे एक आणि वीस. आपलं एकवीस तरी दुसरं काय आहे? 'ट्वेंटी-वन' डोक्यात धरलं की गडबड होणारच. लिंगं तीन, आपल्यासारखीच, तो-ती-ते; तिकडं नामाआधी डेर-डी-डास लागतं. फक्त मराठीवरनं अंदाज बांधू नका: चमचा 'डेर', काटा 'डी', सुरी 'डास'. मुलगीसुद्धा 'डास मेडशन', म्हणजे 'ते'! शेवटी 'शन' हा लाडाचा प्रत्यय आला की नपुंसकलिंगच. शब्द पाठ करताना डेर-डी-डास सकट करा, सुटा शब्द वहीत लिहूच नका. आणि 'वाइल', म्हणजे 'कारण', आलं की त्या वाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजीवाले तिथं अडखळतात, आपण घरच्यासारखे बसतो.

बारावीवाल्यांची आघाडी माझ्या वर्गात दिवाळीपर्यंत टिकली. मार्कांसाठी लिहिलेलं होतं सगळं, बोलायची वेळ आली की तेही गप्प.

प्रतिसाद २
जपानी सोपं म्हणून घेणार असाल तर थांबा. दोन लिप्या, हिरागाना ४६ अक्षरं, काताकाना ४६, नंतर कांजी म्हणजे चिनी चिन्हं. वाक्यरचना मात्र आपल्या जवळची. 'गाकुसेई देस का?' म्हणजे 'विद्यार्थी आहात का?', शेवटचा 'का' सुद्धा तोच! आवडत असेल तर जरूर घ्या, पळून येऊ नका. आणि मॅडमना तासानंतर भेटून एकदा सरळ सांगा की मी पहिल्यांदाच शिकतेय. त्यांना कळणार कसं?

धागाकर्ती
दोघांचे आभार. एकवीसचं वाचून एसटीतच हसू आलं. उद्या मॅडमना भेटते. त्या पाटीचा फोटो आबांकडनं मागवलाय, मिळाला की इथं टाकते. कुणी वाचून दाखवू नका, मला वाचायचीय.