मदत हवी आहे: एलसीच्या (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेली कागदपत्रं दिल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) कागदपत्रांवर बँक दुसऱ्यांदा नवी त्रुटी काढू शकते का?

आम्ही निर्यातदार आहोत. एलसी अपरिवर्तनीय, साइट पेमेंटची (कागदपत्रं बरोबर असली की लगेच पैसे), यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू, कन्फर्मेशन (दुसऱ्या बँकेची जादा हमी) नाही. विक्री सीआयएफ (किमतीत विमा आणि जहाजभाडं धरलेलं).

कागदपत्रं पहिल्यांदा सादर केली तेव्हा इश्यूइंग बँकेने (एलसी उघडणाऱ्या बँकेने) पाच बँकिंग दिवसांच्या आत नकार कळवला. त्रुटी एकच: बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) नोटिफाय पार्टीचा (माल पोहोचल्याचं ज्याला कळवायचं त्याचा) पत्ता एलसीपेक्षा वेगळा. ती आम्हाला मान्य होती. शिपिंग कंपनीकडून दुरुस्त बिल घेऊन एलसीची मुदत आणि शिपमेंटनंतरचे २१ दिवस संपायच्या आत पुन्हा सादर केलं.

आता बँक म्हणते, विमा प्रमाणपत्राची तारीख शिपमेंटनंतरची आहे. हे प्रमाणपत्र पहिल्याच संचात होतं, त्याला आम्ही हातही लावलेला नाही. तारखेबाबत बँकेचं म्हणणं खरं आहे (यूसीपी ६०० चा अनुच्छेद २८), वाद तिथे नाही. पण अनुच्छेद १६ नुसार सगळ्या त्रुटी एकाच नोटिशीत सांगायच्या असतात, नाहीतर नंतर नवी त्रुटी काढायचा बँकेला हक्क उरत नाही, असं आम्ही समजतो. आमच्या बँकेने स्विफ्टने (बँकांमधली संदेश यंत्रणा) हेच कळवलं, तर उत्तर आलं की दुरुस्त कागदपत्रं म्हणजे नवं सादरीकरण.

माल बंदरात पडून आहे, डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) चढतंय आणि खरेदीदार किंमत कमी करा म्हणतोय. मूळ बिल ऑफ लेडिंग अजून बँकेकडेच आहे.

ज्यांनी असं प्रकरण हाताळलंय त्यांनी कृपया सांगावं: न बदललेल्या कागदातली जुनी त्रुटी दुसऱ्या सादरीकरणात काढता येते का? आणि माल सुटावा म्हणून आम्ही कागदपत्रं कलेक्शनवर (एलसीच्या हमीशिवाय, बँकेमार्फत फक्त वसुलीसाठी) पाठवायला संमती दिली, तर अनुच्छेद १६ खालचा आमचा दावा संपतो का?